तपासात यंत्राने काय सांगितले, हे आरोपीला कळणार का?

खाडीकाठ (राजापूर)

सर्व सभासदांना नमस्कार.

पोलीस दलात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर वाढवण्यासाठी राज्य सरकारने २०२४ साली नागपूर येथे ‘मार्व्हल’ ही कंपनी स्थापन केली. तपासात साहाय्य करणारी ‘महाक्राइमओएस’ ही प्रणाली आधी नागपूरमधील २३ पोलीस ठाण्यांत वापरून पाहण्यात आली आणि डिसेंबर २०२५ मध्ये ती राज्यातील १,१०० ठाण्यांत नेण्याची घोषणा झाली. आपल्या सिंधुदुर्ग जिल्हा प्रशासनाने तर २०२५ सालीच ‘मार्व्हल’शी करार केला असून, कारभारात एआय वापरणारा देशातील पहिला जिल्हा म्हणून त्याचा उल्लेख होतो. त्यामुळे बांद्यापासून श्रीवर्धनपर्यंतच्या कोणत्याही ठाण्यात फिर्याद लिहिताना, बँक खात्यांचे उतारे तपासताना, मोबाइलच्या कॉल नोंदी पडताळताना किंवा सीसीटीव्हीतील चेहरा ओळखताना यंत्राचा सल्ला घेतला जाईल, हे गृहीत धरूनच आपण बोलायला हवे.

या तंत्राला माझा विरोध नाही. यंत्राने तपासाला दिशा दिली असेल, तर ती गोष्ट गुन्ह्याच्या कागदपत्रांत लिहिली जाईल का आणि ते कागद आरोपीच्या हाती पडतील का, एवढाच माझा प्रश्न आहे.

या विषयावर अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील एरिक लूमिस याचा खटला नेहमी सांगितला जातो. आरोपी पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता किती, याचे गुण देणाऱ्या ‘कॉम्पास’ या प्रणालीने त्याला धोकादायक ठरवले होते आणि शिक्षा सुनावताना न्यायाधीशांनी त्या गुणांचा उल्लेख केला. गुण कसे काढले हे सांगण्यास कंपनीने व्यापारी गुपिताचे कारण देऊन नकार दिला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली शिक्षा कायम ठेवली, मात्र यापुढे असे गुण न्यायाधीशांपुढे ठेवताना त्यांच्या मर्यादांची लेखी सूचना सोबत असली पाहिजे, असे बजावले. त्याच वर्षी ‘प्रोपब्लिका’ या वृत्तसंस्थेने फ्लोरिडातील ब्रोवर्ड परगण्यातील ७,००० हून अधिक व्यक्तींचे गुण तपासले. पुढे ज्यांनी गुन्हा केला नाही, अशा कृष्णवर्णीयांपैकी ४४.९ टक्के लोकांना प्रणालीने अधिक धोक्याचे ठरवले होते. गोऱ्यांमध्ये हे प्रमाण २३.५ टक्के होते.

या खटल्यातील एका गोष्टीकडे मला लक्ष वेधायचे आहे. लूमिसला गुणांचे गणित समजले नाही, परंतु यंत्र वापरले गेले हे त्याला ठाऊक होते, म्हणून तो निदान भांडू शकला. आपल्याकडे यंत्राचा प्रवेश शिक्षेच्या टप्प्यावर होत नसून तपासाच्या अगदी आरंभी होत आहे. चारशे चेहऱ्यांतून एक चेहरा निवडला गेला, त्या माणसाच्या घरी पोलीस गेले, मग साक्षीदार मिळाले, मुद्देमाल जप्त झाला, आणि दोषारोपपत्रात फक्त साक्षीदार आणि मुद्देमाल उरले, तर त्या माणसाचे नाव मुळात कोणी पुढे आणले हे न्यायालयालाही कळणार नाही. ज्याचा उल्लेखच कोठे नाही, त्याची उलटतपासणी कोण आणि कशी घेणार? पोलीस, वकिली किंवा संगणक क्षेत्रातील सभासदांनी यावर सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

बंदोबस्त (चिपळूण)

माझी पोलीस खात्यातील बरीचशी सेवा रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांत झाली असल्याने दुसरी बाजू मांडतो.

१९९३ साली मुंबई बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटके शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरली, तेव्हापासून कोकणातील ठाण्यांवर सागरी सुरक्षेचा भार आहे आणि २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर तो आणखी वाढला. त्याच ठाण्याला आज महामार्गावरील अपघात, जमिनीचे वाद आणि ऑनलाइन फसवणूक यांचाही तपास करायचा असतो. एखाद्या निवृत्त शिक्षकाची रक्कम फसवणूक करणारे तासाभरात अनेक राज्यांतील खात्यांत फिरवतात. ते उतारे हाताने जुळवत बसल्यास पैसे हातचे गेलेच म्हणून समजा. हे काम यंत्र काही मिनिटांत करत असेल, तर त्याचा लाभ आधी फिर्यादीला मिळतो, आणि फिर्यादी हा सुद्धा न्याय मागणारा नागरिकच असतो.

खाडीकाठ यांच्या मूळ मुद्द्याबाबत माझे म्हणणे असे की, यंत्राने दिलेले नाव हा पुरावा नसून ती खबर असते. खबऱ्याने कानात सांगितलेले नाव आम्ही कधी दोषारोपपत्रात लिहिले नाही, आणि खबर कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती कायदाही पोलिसांवर करत नाही. खबरेवरून तपास होतो, पुरावा स्वतंत्र गोळा होतो आणि न्यायालय त्या पुराव्यावर निकाल देते. मग यंत्राला वेगळा नियम कशासाठी? शिवाय प्रत्येक पद्धत उघड केल्यास गुन्हेगार सावध होतात, हा अनुभव आहे.

सुरंगी (रत्नागिरी)

मी जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते. बंदोबस्त काकांचा युक्तिवाद न्यायालयातही ऐकू येण्यासारखा आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे.

खबऱ्याचे नाव गुप्त ठेवण्यामागे त्याच्या जिवाला असलेला धोका हे कारण आहे. यंत्राला तसा धोका नाही, त्यामुळे ते संरक्षण त्याला देण्याचे प्रयोजनच उरत नाही. दुसरे असे की, खबऱ्याला तो फौजदार ओळखत असतो, मागच्या वेळी त्याने सांगितलेले खरे निघाले की खोटे हे त्याला आठवत असते आणि खबऱ्या चुकला तर चूक एका ठाण्यापुरती राहते. १,१०० ठाण्यांत एकच प्रणाली असेल, तर तिचा एक दोष त्या सर्व ठाण्यांत एकाच वेळी शिरतो.

आता कायद्याची स्थिती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० नुसार आरोपीला दोषारोपपत्र, जबाब आणि सोबतच्या दस्तऐवजांच्या नकला मिळतात. स्मृतिपत्रिकेतील म्हणजे मेमरी कार्डमधील मजकूरही दस्तऐवजच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली पी. गोपालकृष्णन विरुद्ध केरळ राज्य या प्रकरणात म्हटले आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र मागते. त्याचा एक भाग उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि त्यात नोंदीचे हॅश मूल्य, म्हणजे नोंदीत फेरफार झाल्यास बदलणारा संगणकीय आकडा, लिहावे लागते. मात्र हे सारे अभियोग पक्ष ज्या नोंदीवर विसंबतो तिच्यापुरते आहे. ज्या नोंदीवर तो विसंबत नाही, ती बहुधा केस डायरीत, म्हणजे तपास अधिकारी रोजच्या तपासाची नोंद ठेवतो त्या वहीत जाते, आणि कलम १९२ नुसार केस डायरी न्यायालय मागवू शकते, आरोपी किंवा त्याचा वकील मागवू शकत नाही. खाडीकाठ यांना जी भीती वाटते, तिचे नेमके ठिकाण हे आहे.

त्यातून वाट आहे. फौजदारी खटल्यांतील उणिवांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली स्वतःहून दिलेल्या आदेशात असे ठरले की, तपास अधिकाऱ्याने ज्यांचा आधार घेतलेला नाही, अशा जबाबांची, दस्तऐवजांची आणि वस्तूंची यादीही आरोपीला द्यावी. २०२२ साली मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात त्यावर पुन्हा भर दिला गेला. यंत्राने सुचवलेली, पण पोलिसांनी बाजूला ठेवलेली नावे या यादीत आली पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे. यंत्राने पाच चेहरे दाखवले आणि आरोपी त्यात तिसरा होता, तर पहिले दोन का सोडले, हा प्रश्न बचाव पक्षाला विचारता आला पाहिजे.

अटकेच्या वेळीही हाच विचार लागू पडतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहीर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अटकेची कारणे लेखी आणि अटक झालेल्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत देणे प्रत्येक गुन्ह्यात आवश्यक ठरवले. संशय मुख्यतः चेहऱ्याच्या जुळणीवरून आला असेल, तर ते कारण त्या कागदावर मराठीत लिहिणे भाग आहे, असा अर्ज मी तरी निश्चित करेन.

शास्त्रीय उपकरणाच्या नावाने न्यायालय किती भारावते, याचा अनुभव महाराष्ट्राला आहे. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूतील विद्युत लहरींच्या चाचणीचा आधार घेऊन दोषी ठरवले होते. पुढे २०१० साली सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात संमतीविना केलेल्या अशा चाचण्या घटनाबाह्य ठरल्या.

तांडेल (मालवण)

तुमची चर्चा पोलीस ठाण्याभोवती चालली आहे. आमच्याकडे यंत्र आधी समुद्रावर आले.

जानेवारी २०२५ पासून मत्स्यव्यवसाय विभाग किनाऱ्यावर ड्रोनद्वारे गस्त घालतो. ही मागणी आम्हा पारंपरिक मच्छीमारांचीच होती. परराज्यांतील मोठे ट्रॉलर, पर्ससीन या मोठ्या जाळ्यांचे घेर आणि रात्रीची एलईडी मासेमारी यांनी आमचे समुद्रावरचे पोट मारले. गस्ती नौका येईपर्यंत ते ट्रॉलर पसार होत असत आणि आमच्या तक्रारीला पुरावा नसे. आता चित्रीकरणावरून कारवाई होऊ शकते, ही मोठी गोष्ट आहे, आणि पारदर्शकतेच्या नावाखाली ही गस्तच बंद पडावी असे आमच्यापैकी कोणाला वाटणार नाही.

तरीही दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. नौकेची ओळख तिच्या रंगावरून आणि नाळेवर, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकावर, रंगवलेल्या नोंदणी क्रमांकावरून होते. खाऱ्या पाण्याने आणि दोरखंडाच्या घासण्याने तो क्रमांक हंगाम संपेपर्यंत पुसट होतो. उंचावरून घेतलेल्या चित्रातून उद्या संगणकाने क्रमांक वाचला आणि एक आकडा चुकला, तर दंडाची नोटीस भलत्याच्याच घरी येईल आणि ती रक्कम लहान नौकामालकाला देशोधडीला लावू शकते. म्हणून नोटिशीबरोबर ते चित्र, वेळ आणि समुद्रातील ठिकाण मिळालेच पाहिजे, आणि क्रमांक अधिकाऱ्याने स्वतः डोळ्यांनी वाचल्याची सही त्यावर असली पाहिजे. आम्ही मासळी ज्या काट्यावर मोजून देतो, त्याची शासनाचा निरीक्षक ठरावीक मुदतीत पडताळणी करतो आणि शिक्का मारतो. माणसाला दंड करणाऱ्या यंत्राला असा शिक्का नसावा, हे मला पटत नाही.

दुसरी गोष्ट खलाशांची. रत्नागिरीपासून खाली अनेक नौकांवर नेपाळी मुले काम करतात, आणि हापूसच्या हंगामात बागांची राखण करणारेही बहुतांशी तेच असतात. एखादी चोरी झाली की संशय त्यांच्यावर जातो, हे आपण सर्व जण जाणतो. यंत्र त्यांच्या चेहऱ्यांत नीट फरक करते का?

कातळसडा (देवरुख, सध्या पुणे)

तांडेल दादांच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यावर भरवशाचा अभ्यास उपलब्ध आहे. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या शासकीय मानक संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये चेहरा ओळखणाऱ्या १८९ अल्गोरिदमांची चाचणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी अनेकांमध्ये दोन वेगळ्या व्यक्तींना एकच समजण्याची चूक आफ्रिकी आणि पूर्व आशियाई चेहऱ्यांबाबत गोऱ्या चेहऱ्यांच्या तुलनेत १० ते १०० पट आढळली. चीनमध्ये तयार झालेल्या काही अल्गोरिदमांत मात्र पूर्व आशियाई चेहऱ्यांबाबत ती वाढ दिसली नाही. ज्या चेहऱ्यांवर यंत्र शिकले, ते चेहरे त्याला नीट ओळखता येतात, असा याचा सरळ अर्थ आहे. म्हणून ‘या प्रणालीची अचूकता अमुक टक्के’ हे विधान पुरेसे नसते. कोणत्या लोकांवर, कोणत्या कॅमेऱ्यातून, किती प्रकाशात घेतलेल्या चित्रांवर ती अचूकता मोजली, हे सांगितले नाही तर त्या आकड्याला अर्थ राहत नाही.

जुळणीच्या टक्केवारीबद्दलही मोठा गैरसमज आहे. दिल्ली पोलिसांनी २०२२ साली माहिती अधिकारातील अर्जाला दिलेल्या उत्तरात ८० टक्क्यांहून अधिक साम्य असल्यास जुळणी झाली असे मानत असल्याचे म्हटले होते. ८० टक्के साम्य म्हणजे तोच माणूस असण्याची शक्यता ८० टक्के, असे वाचणाऱ्याला वाटते. तसे ते नसते. तो आकडा दोन चित्रांतील सारखेपणाचे त्या विशिष्ट सॉफ्टवेअरचे स्वतःचे माप असतो, आणि संग्रहात चेहरे जितके जास्त, तितके एकमेकांसारखे दिसणारे परके लोक त्यात जास्त सापडतात. महाराष्ट्र पोलिसांच्या ‘अ‍ॅम्बिस’ या संग्रहात बोटांच्या ठशांबरोबर चेहरे आणि डोळ्यांची बुबुळेही आहेत. असा संग्रह वाढत गेल्यावर मर्यादेचा आकडा, म्हणजे किती साम्याला जुळणी मानायचे तो आकडा, तोच ठेवून चालणार नाही.

यंत्राच्या सूचनेमुळे पुढचा ‘स्वतंत्र’ पुरावाच कसा बाधित होतो, हे बंदोबस्त काकांनी डेट्रॉइटच्या प्रकरणात पाहावे. रॉबर्ट विल्यम्स यांना घड्याळांच्या चोरीसाठी जानेवारी २०२० मध्ये अटक झाली. यंत्राने त्यांच्या वाहन परवान्यावरील जुने छायाचित्र सुचवले होते. ते छायाचित्र इतर काही छायाचित्रांत मिसळून दुकानाच्या सुरक्षेचे काम करणाऱ्या एका व्यक्तीला दाखवण्यात आले आणि तिने तेच निवडले. त्या व्यक्तीने चोरी प्रत्यक्ष पाहिलीच नव्हती, तिने फक्त चित्रीकरण पाहिले होते. कागदावर साक्षीदाराने ओळख पटवली अशी नोंद झाली, आणि वस्तुस्थितीत यंत्राचीच चूक माणसाच्या तोंडून पुन्हा वदवली गेली. विल्यम्स यांनी केलेल्या दाव्यात २०२४ साली झालेल्या तडजोडीनुसार, केवळ चेहऱ्याच्या जुळणीवरून अटक करायची नाही आणि जुळणीतून आलेले छायाचित्र थेट साक्षीदारापुढे ठेवायचे नाही, हे तेथील पोलिसांनी मान्य केले. आपल्याकडच्या ओळख परेडलाही हा नियम तातडीने लागू व्हायला हवा.

व्यापारी गुपिताचा बाऊ करण्याची गरज नाही, हे मी या व्यवसायातील माणूस म्हणून सांगतो. न्यायालयाला बहुतेक वेळा मूळ प्रोग्राम लागतच नाही. यंत्राला काय दिले, त्याने काय उत्तर दिले, त्या दिवशी कोणती आवृत्ती चालू होती, मर्यादा किती ठेवली होती, आणखी कोणती नावे सुचली आणि निर्णय कोणत्या अधिकाऱ्याने घेतला, एवढी नोंद आपोआप जतन करता येते आणि तिला तिथल्या तिथे हॅश मूल्य देता येते. खर्च नगण्य आहे. आवृत्तीचा मुद्दा विशेष महत्त्वाचा, कारण अशा प्रणाली वरचेवर बदलतात आणि खटला उभा राहीपर्यंत गुन्ह्याच्या दिवशीचे यंत्र अस्तित्वातच नसते.

भाषेवर काम करणाऱ्या प्रणालींत आणखी एक धोका आहे. कुडाळची वृद्धा मालवणीत आणि मुरूडचा नाखवा आपल्या बोलीत जे सांगेल, ते यंत्र प्रमाण मराठीत नीटनेटके लिहून देईल, आणि न ऐकू आलेली जागा अंदाजाने भरून टाकील. लिहिलेले इतके सुबक असते की शंका घ्यावीशी वाटत नाही. म्हणून अशा प्रत्येक जबाबाचे मूळ ध्वनिमुद्रण खटला संपेपर्यंत राखले पाहिजे.

बंदोबस्त (चिपळूण)

डेट्रॉइटचे उदाहरण वाचले. ओळख परेडपूर्वी साक्षीदाराला छायाचित्र दाखवल्यास परेड निकामी होते, हे आम्हाला प्रशिक्षणातच शिकवले जाते, त्यामुळे तो मुद्दा मला मान्य आहे. सुरंगीताईंनी सांगितलेल्या यादीबद्दल माझी एकच हरकत आहे. यंत्राने सुचवलेल्या आणि निर्दोष निघालेल्या चार जणांची नावे आरोपीला दिली, तर कोकणातल्या लहान गावात त्यांची बदनामी दुसऱ्या दिवशी होईल. त्यांचे काय?

सुरंगी (रत्नागिरी)

ही हरकत रास्त आहे. नावे झाकून क्रम, साम्याचा आकडा आणि सोडून देण्याचे कारण एवढे आरोपीला द्यावे आणि पूर्ण यादी मोहोरबंद पाकिटात न्यायालयापुढे ठेवावी. गोपालकृष्णन प्रकरणातही पीडितेच्या खासगीपणाचा विचार करून न्यायालयाने आरोपीला नक्कल न देता तज्ज्ञासह चित्रीकरण पाहण्याची परवानगी दिली होती, तेव्हा अशी मधली वाट आपल्या कायद्याला अपरिचित नाही.

ब्रिटनमध्ये टपाल खात्याच्या ‘होरायझन’ या हिशेबाच्या संगणक प्रणालीवर विश्वास ठेवून १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक उपटपालचालकांना चोरी व अफरातफरीसाठी दोषी ठरवले गेले, हेही येथे नोंदवते. संगणक बरोबर चालत आहे असे तेथील न्यायालये गृहीत धरत होती आणि तो चुकला हे दाखवण्याचा भार आरोपीवर होता. दोष प्रणालीत होता. २०२४ साली खास कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या, पण तोवर अनेकांचे संसार उद्ध्वस्त झाले होते आणि काही जण हयातही नव्हते. म्हणून प्रणाली विश्वासार्ह आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी ती वापरणाऱ्यावरच राहिली पाहिजे.

न्यायालयांनी स्वतःसाठी नियम करायला सुरुवात केली आहे. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण ठरवून निष्कर्ष, आदेश किंवा निकाल देण्यासाठी एआयचा वापर करण्यास मनाई केली. तपास यंत्रणेसाठी तितकेच स्पष्ट लेखी बंधन हवे. युरोपीय संघाच्या कायद्याने फेब्रुवारी २०२५ पासून केवळ व्यक्तिचित्रणावरून, म्हणजे माणसाच्या स्वभाव-गुणधर्मांच्या विश्लेषणावरून, एखादा माणूस गुन्हा करील असे भाकीत करण्यास बंदी घातली आहे. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात मात्र गुन्ह्यांच्या तपासाला मोठी सूट आहे, त्यामुळे त्या कायद्याकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही.

खाडीकाठ (राजापूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. या चर्चेवरून माहिती अधिकाराचा अर्ज तयार करत आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड या तिन्ही जिल्ह्यांच्या पोलीस अधीक्षक कार्यालयांकडे तो स्वतंत्रपणे जाईल. कोणत्याही चालू तपासाची माहिती त्यात मागणार नाही, म्हणजे तपासात अडथळा येतो या कारणाने तो फेटाळता येणार नाही. कोणत्या प्रणाली वापरात आहेत, त्यांच्या वापराचे लेखी आदेश कोणते, चेहऱ्याच्या जुळणीची मर्यादा कोणी आणि कशाच्या आधारे ठरवली, खरेदीपूर्वी स्थानिक लोकांवर चाचणी झाली का, यंत्राच्या उत्तरांची नोंद किती काळ ठेवली जाते आणि चूक आढळल्यास ती कोणाकडे कळवायची, एवढेच विचारणार आहे. ड्रोनच्या चित्रीकरणाबाबतचे प्रश्न मत्स्यव्यवसाय विभागाकडे वेगळ्या अर्जाने विचारावेत, असे वाटते. तांडेल दादा, तो अर्ज तुमच्या संस्थेमार्फत गेल्यास अधिक बरे.

तांडेल (मालवण)

संस्थेच्या येत्या सभेत विषय ठेवतो. दंडाच्या नोटिशीसोबत चित्रीकरण मिळण्याची मागणी ठराव म्हणूनच मंजूर करून घेऊ.

सुरंगी (रत्नागिरी)

अर्जात आणखी एक प्रश्न घालावा. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यानुसार घेतलेली मोजमापे (बोटांचे ठसे, चेहऱ्याचे छायाचित्र इत्यादी) ७५ वर्षे ठेवता येतात, परंतु पूर्वी शिक्षा न झालेली व्यक्ती निर्दोष सुटली आणि अपिलाचे मार्ग संपले, तर न्यायालयाने वेगळा आदेश दिला नसल्यास ती नष्ट करावी लागतात. आपल्या जिल्ह्यात अशा किती व्यक्तींच्या नोंदी नष्ट केल्या, आणि चेहरा ओळखणाऱ्या प्रणालीच्या संग्रहातूनही ते चेहरे काढले का, हे विचारा. उत्तर न मिळाल्यास पहिले अपील ३० दिवसांत करायचे असते. पुढे उच्च न्यायालयात जावे लागलेच, तर ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गसाठी कोल्हापूरचे सर्किट बेंच आहे. रायगडच्या अर्जदाराला मात्र मुंबईलाच जावे लागेल, म्हणून तो अर्ज तिकडच्या सभासदाच्या नावाने करावा. मसुदा येथे टाकलात, तर कलमांची भाषा मी तपासून देईन.